एकेका नकाराचा हिशेब : फेसबुक ‘ट्रेंडिंग’ प्रकरण, २०१४ ते २०१८

९ मे २०१६ रोजी गिझमोडो या अमेरिकी संकेतस्थळावर एक बातमी आली. फेसबुकवर चर्चेतले विषय दाखवणाऱ्या ‘ट्रेंडिंग’ या चौकटीच्या विभागात काम करून गेलेल्या काही कंत्राटी माणसांनी नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले होते की, अमेरिकेत ज्यांना कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात त्या उजव्या गटाच्या जिव्हाळ्याचे विषय तिथे नेहमी गाळले जात. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक बरोबर सहा महिन्यांवर आली होती आणि डोनाल्ड ट्रम्प यांची रिपब्लिकन उमेदवारी जवळपास पक्की झाली होती. दुसऱ्याच दिवशी सिनेटच्या वाणिज्य समितीचे अध्यक्ष जॉन थून यांनी मार्क झुकरबर्ग यांना पत्र लिहून खुलासा मागितला. दोन आठवड्यांत कंपनीने बारा पानी उत्तर दिले. तीन महिन्यांनी ‘ट्रेंडिंग’ची संपादकीय टीमच काढून टाकली आणि दोन वर्षांनी चौकटही बंद केली.

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांतला राजकीय कल या विषयावर बोलायचे तर अभ्यासाला हेच प्रकरण घ्यावे, असे आमचे मत आहे. कामाची पद्धत, अंतर्गत नियमावली, आरोप, खुलासा आणि दुरुस्तीचा परिणाम, हे सगळे दुवे इथे उघड्यावर आले. एरवी त्यातला एखाद-दुसराच बाहेर येतो आणि बाकीचे अंदाजाने भरावे लागते. शिवाय या प्रकरणात दोन्ही बाजू चुकीच्या जागी शोध घेत राहिल्या. टीकाकार कर्मचाऱ्यांच्या डोक्यात काय आहे ते शोधत होते, तर कंपनी सरासरी दाखवत होती. पक्षपात झाला की नाही हे ठरते ते एकेका नकारावरून: कोणता विषय, किती वाजता, कुणी आणि कोणते कारण देऊन नाकारला. हा हिशेब शेवटपर्यंत लोकांसमोर आला नाही.

चौकट चालायची कशी

फेसबुकने जानेवारी २०१४मध्ये संगणकावरच्या पानाच्या उजव्या बाजूला ही छोटी चौकट सुरू केली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत हे तिचे पहिले देश, त्यामुळे आपल्याकडेही ती पुष्कळांच्या नजरेखालून गेली असेल. विषयाचे नाव, त्याखाली एखाद-दुसऱ्या ओळीचे वर्णन, आणि त्यावर क्लिक केले की त्या विषयावरच्या बातम्या व पोस्ट. लोक कशाबद्दल बोलताहेत ते यंत्र मोजते आणि इथे लावते, अशी बघणाऱ्याची समजूत असायची.

प्रत्यक्षात विषय पाच टप्प्यांतून जायचा. पहिल्या टप्प्यात अल्गोरिदम एखाद्या शब्दाचा किंवा नावाचा उल्लेख अचानक वाढला आहे का ते बघायचा. नुसती संख्या पुरेशी नसे, नेहमीच्या पातळीच्या मानाने उसळी लागे. त्यातून विषयांची एक रांग तयार व्हायची. तिला जोड म्हणून हजारभर प्रसारमाध्यमांच्या आरएसएस (संकेतस्थळांवरच्या नव्या बातम्या आपोआप पुरवणारी सोय) यादीवरही नजर ठेवली जाई, म्हणजे फेसबुकवर चर्चा पेटण्याआधीच मोठी घटना हाती लागावी. दुसऱ्या टप्प्यात ‘क्युरेटर’ हा माणूस यायचा. हा विषय खऱ्या घटनेशी जोडलेला आहे का, की दुपारी जेवताना सगळेच ‘लंच’ लिहितात तसला रोजचा कोलाहल आहे, हे तो ठरवायचा. तिसऱ्यात तोच नाव नीट करायचा, वर्णन लिहायचा आणि वर्गवारी लावायचा. चौथ्यात विषयाचे महत्त्व ठरायचे. पाचव्यात पुन्हा यंत्र: कोणाला काय दाखवायचे ते वापरणाऱ्याचे ठिकाण आणि त्याने लाइक केलेली पाने वगैरे पाहून ठरे.

क्युरेटरच्या हाती दोन बटणे होती. ‘ब्लॅकलिस्ट’ दाबले की विषय काही काळ बाजूला पडायचा. खरी घटना नाही, किंवा तोच विषय दुसऱ्या नावाने आधीच आला आहे, अशी त्याची कारणे असत. ‘इंजेक्ट’ दाबले की रांगेत नसलेला विषय आत घालता यायचा. दोन्ही बटणांना संपादकीय कामात रास्त जागा आहे. एकाच भूकंपाचे चार वेगवेगळे शब्द उसळले तर तीन बाजूला करावेच लागतात. पण कारणांच्या व्याख्या किती सैल आहेत ते पाहा. नेत्याचे भाषण ही घटना, की नुसती चर्चा? परिषदेचा दुसरा दिवस हा नवा विषय, की कालचाच? या प्रश्नांना बटणात उत्तर नसते. उत्तर बटण दाबणाऱ्याच्या माहितीत असते.

आरोप नेमका काय होता

गिझमोडोशी बोललेल्यांपैकी एका क्युरेटरला गळणारे विषय इतके खटकले की त्याने कामावर असतानाच त्यांची टिपणे ठेवली होती. ती टिपणे त्याने बातमीदाराला दिली. त्यात करखात्यातील माजी अधिकारी लोइस लर्नर, विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर, ड्रज रिपोर्ट हे उजव्यांत लोकप्रिय बातम्यांचे पान, २०१३मध्ये खून झालेला माजी नौदल सैनिक ख्रिस काइल आणि टीव्हीवर झळकलेला भाष्यकार स्टीव्हन क्राउडर असे विषय होते. दुसरा आरोप उलट दिशेचा होता: पुरेशी उसळी नसतानाही काही विषय आत घातले गेले, आणि त्यात ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी हिंसेविरुद्धची चळवळ होती. तिसरा आरोप असा की, ब्राइटबार्ट, न्यूजमॅक्स, वॉशिंग्टन एक्झॅमिनर या उजव्या माध्यमांनी चालवलेली बातमी रांगेत आली, तरी न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी किंवा सीएनएन तिला हात लावेपर्यंत ती थांबायची.

वरिष्ठांनी हे करायला सांगितले, असे मात्र कुणी म्हटले नव्हते. गोंगाटात ही गोष्ट हरवली. पाळीवर कोण आहे त्यावर विषय चढायचा किंवा पडायचा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या टिपणवाल्या क्युरेटरने दिलेले स्पष्टीकरण आम्हाला सगळ्यांत मोलाचे वाटते. पाळीवर येऊन तो पाहायचा तर कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्त्यांची सीपॅक परिषद, रिपब्लिकन नेते मिट रॉम्नी किंवा उजवे रेडिओ-भाष्यकार ग्लेन बेक यांच्यासारखे विषय चौकटीत नसायचे. कारण काय, तर आधीच्या क्युरेटरला तो विषय ओळखूच आला नव्हता, किंवा रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांच्याबद्दल त्याच्या मनात अढी असावी.

ओळखू न येणे आणि अढी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण रांगेतल्या विषयाचे दोन्हींत सारखेच होते: तो पडतो. गिझमोडोने या टीमचे वर्णन विशीतिशीतले पत्रकार, बहुतेक पूर्व किनाऱ्यावरच्या नामांकित खासगी विद्यापीठांतून शिकलेले, असे केले होते. अशा दहा-बारा जणांपैकी ग्लेन बेकचा रेडिओ कार्यक्रम रोज ऐकणारा एकही नसेल, तर बेकचे नाव अचानक उसळले की ‘यात घटना काय?’ हा प्रश्न प्रत्येकाला प्रामाणिकपणे पडेल. मनात खुन्नस नसतानाही कल तयार होतो तो असा. सगळ्यांची माहिती एकाच साच्यातली असली की दुसऱ्याने केलेली चूक पकडायला तिसरा उरत नाही. राजकीय एकसारखेपणाचा हा सगळ्यांत व्यावहारिक तोटा आहे.

कंपनीतले वातावरणही लोकांना आधीच कळले होते. फेब्रुवारी २०१६मध्ये झुकरबर्ग यांनी, मुख्यालयातल्या सह्यांच्या भिंतीवरचे ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ खोडून ‘ऑल लाइव्ह्ज मॅटर’ (सर्वांचेच जीव मोलाचे, ही त्याला काटशह देणारी घोषणा) लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांना लेखी समज दिली होती. मग एप्रिलमध्ये बातमी आली की, साप्ताहिक प्रश्नोत्तरांसाठी कर्मचाऱ्यांनी मतांनी वर आणलेल्या प्रश्नांत ‘२०१७मध्ये ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होऊ नयेत यासाठी फेसबुकची जबाबदारी काय?’ असा एक प्रश्न होता. यातून चौकटीत काय घडले ते सिद्ध होत नाही. पण मेमधल्या आरोपावर निम्म्या देशाचा चटकन विश्वास का बसला, ते यातून कळते.

तीन दिवसांत मोडलेला खुलासा

बातमीनंतर लगेच ट्रेंडिंगची जबाबदारी असलेले उपाध्यक्ष टॉम स्टॉकी यांनी सविस्तर पोस्ट लिहिली. आरोपांना पुरावा सापडलेला नाही. क्युरेटरांच्या कृतींची नोंद ठेवली जाते आणि तपासली जाते. नियम मोडले तर नोकरी जाऊ शकते. ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर मुद्दाम वर आणल्याचा आरोप खोटा आहे. त्यात आणखी एक वाक्य होते: आम्ही विषय कृत्रिमरीत्या आत घालत नाही आणि तसे करायला सांगतही नाही.

१२ मे रोजी गार्डियनने अंतर्गत नियमावली छापली. तिच्यात ‘इंजेक्ट’ हा शब्द होता, कधी करायचे तेही होते. कंपनीने त्याच दिवशी २८ पानांची नियमावली स्वतः प्रसिद्ध केली. कंपनीच्या बाजूने सांगायचे तर, घडलेल्या घटनेचा विषय यंत्राच्या हातून सुटला किंवा भलत्याच नावाने आला, तर तो नीट करून घालणे म्हणजे बनावट लोकप्रियता नव्हे. हा फरक खरा आहे. पण तो फरक पहिल्या दिवशी सांगायला हवा होता. ‘आम्ही घालत नाही’ म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी ‘घालतो, पण अशा अर्थाने’ म्हणावे लागले की पुढचे काहीही कुणी ऐकत नाही. आमच्या दृष्टीने या प्रकरणातली पहिली मोठी चूक हीच. माणसाचा हात आहे हे लपवले गेले, आणि मग तो हात स्वच्छ होता हे पटवणे अशक्य झाले.

नियमावलीत दुसरी महत्त्वाची गोष्ट होती दहा संकेतस्थळांची यादी: बीबीसी न्यूज, सीएनएन, फॉक्स न्यूज, गार्डियन, एनबीसी न्यूज, न्यूयॉर्क टाइम्स, यूएसए टुडे, वॉल स्ट्रीट जर्नल, वॉशिंग्टन पोस्ट आणि याहू. विषयाला राष्ट्रीय दर्जा द्यायचा तर दहापैकी निदान पाच ठिकाणी ती मुख्य बातमी असायला हवी. त्याच्या वरच्या पायरीला दहाही ठिकाणी.

हा नियम कागदावर निःपक्ष दिसतो. यादीत उजवीकडे झुकणारी मानली जाणारी फॉक्स आहे, वॉल स्ट्रीट जर्नल आहे. पण आकडे मांडून बघा. जी बातमी उजव्या बाजूच्या माध्यमांतच आधी फुटते तिला यादीतली दोन मते सहज मिळतील, उरलेली तीन मिळवायला बाकीच्या आठांकडे जावे लागेल. उलट बाजूच्या बातमीला या दोघांपैकी एकाचीही गरज नाही. कुणीही नियम वाकवला नाही तरी उंबरठा दोन बाजूंना वेगळ्या उंचीचा लागतो. क्युरेटरांची मने तपासून हा कल कधीच सापडला नसता, कारण तो यादीत होता.

तरीही यादीत खोट होती म्हणून ती निरुपयोगी होती, असे नाही. ती पडताळणीचे काम करत होती. पाच ठिकाणच्या बातमीदारांनी, संपादकांनी, वकिलांनी हातावेगळी केलेली गोष्ट सहसा सपशेल खोटी नसते. यादीची ही दोन कामे, दर्जा ठरवणे आणि खरेखोटे पाहणे, कुणी वेगळी करून पाहिली नाहीत. पुढचा अपघात तिथूनच घडला.

सारख्या सरासरीत काय दडते

२३ मे रोजी कंपनीचे मुख्य विधी अधिकारी कॉलिन स्ट्रेच यांचे उत्तर थून यांना गेले. क्युरेटर आणि पर्यवेक्षकांच्या मुलाखती घेतल्या, आकडेवारी तपासली. पद्धतशीर पक्षपाताचा पुरावा नाही. उजव्या आणि डाव्या विषयांना मंजुरी मिळण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आहे. एखाद्याने केलेली वैयक्तिक आगळीक किंवा नकळत झालेला पक्षपात मात्र नाकारता येत नाही. हे शेवटचे वाक्य प्रामाणिक होते आणि कंपनीच्या श्रेयाला लागायला हवे.

पण मंजुरीचे प्रमाण सारखे म्हणजे वागणूक सारखी, हे गणित धरू नये. समजा रांगेत दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर विषय आले. उजव्या शंभरातले ६० नियमात बसणारे, डाव्या शंभरातले ५०. मंजूर झाले दोन्हींकडचे ५०. प्रमाण तंतोतंत सारखे, ५० टक्के. पण पात्र विषयांचा हिशेब केला तर डाव्यांचे ५०पैकी ५० गेले, म्हणजे १०० टक्के. उजव्यांचे ६०पैकी ५०, म्हणजे ८३ टक्के. दहा पात्र विषय पडले आणि सरासरीत ते दिसलेच नाहीत. आकडे उलटे धरले तर याच सारख्या सरासरीखाली डाव्यांवरचा अन्यायही लपेल. म्हणून भाजक कोणता घेतला हे विचारल्याखेरीज असल्या टक्केवारीला काही अर्थ नसतो.

दुसरी अडचण उशिराची. ट्रेंडिंग विषयाचे आयुष्य काही तासांचे. नऊ वाजता रांगेत आलेला विषय दोन वाजता मंजूर झाला तर तो ‘मंजूर’मध्ये मोजला जातो, पण तोवर लोक पुढे गेलेले असतात. न्यूयॉर्क टाइम्सने घेईपर्यंत थांबण्याचा आरोप नेमका असल्या उशिराचा होता. मंजुरीच्या प्रमाणात तो पकडला जात नाही, मिनिटे मोजावी लागतात.

तिसरी: विषयावर ‘उजवा’, ‘डावा’ हा शिक्का कुणी मारला? ज्या कंपनीवर आरोप आहे तिनेच मारला, तर ज्याला विषय ओळखू येत नाही त्यालाच तो कुठल्या बाजूचा हेही ओळखायला सांगितल्यासारखे होते.

नकारांची वेळ आणि कारणासह यादी बाहेर आली असती तर हे तिन्ही प्रश्न आठवड्याभरात मिटले असते, कदाचित कंपनीच्या बाजूनेही. नोंदी ठेवतो असे स्टॉकी यांनीच लिहिले होते. पण लोकांच्या हाती विषयवार टिपण आले ते एकच, एका अस्वस्थ क्युरेटरचे. ते एका बाजूचे होते. त्याच महिन्यांत दुसऱ्या बाजूचे किती विषय गळले हे त्यातून कळायचा मार्ग नव्हता.

दुरुस्ती, आणि तिने केलेला घोटाळा

मधल्या काळात, १८ मे रोजी, झुकरबर्ग यांनी ग्लेन बेक, टकर कार्लसन, डेना पेरिनो यांच्यासह उजव्या गटातल्या सोळाएक नामांकितांना मेन्लो पार्कच्या मुख्यालयात बोलावून बैठक घेतली. बैठकीने राग थोडा उतरला. कामाची पद्धत मात्र बैठकीने दुरुस्त होत नसते. आणि तक्रार घेऊन मुख्यालयात पोचता येते ते नामांकितांनाच. ज्याचा विषय मुकाट्याने गळला त्याला ती वाट नसते.

स्ट्रेच यांच्या पत्रातल्या सुधारणा अशा: दहा संकेतस्थळांची यादी रद्द, हजार माध्यमांची आरएसएस यादी रद्द, बाहेरच्या माध्यमांच्या आधारे विषय पडताळणे व महत्त्व ठरवणे बंद, क्युरेटरांचे पुन्हा प्रशिक्षण आणि वरचे नियंत्रण वाढवणे. शेवटच्या दोन योग्यच होत्या. पहिल्या तिन्हींनी राजकीय कल काढताना पडताळणीही काढून टाकली, आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवले नाही.

२६ ऑगस्ट २०१६ रोजी, शुक्रवारी, कंपनीने जाहीर केले की आता वर्णने लिहिली जाणार नाहीत, विषयाचे नाव आणि त्यावर किती जण बोलताहेत एवढेच दिसेल. संपादकीय टीमला त्याच दिवशी निरोप मिळाला. माणसे पूर्ण गेली नव्हती. विषय खऱ्या बातमीशी जोडलेला आहे एवढे पाहायला काही ठेवली होती. ‘लंच’चे उदाहरण कंपनीने याच वेळी दिले होते.

सोमवारी, २९ ऑगस्टला, चौकटीत वर काय होते? फॉक्स न्यूजने निवेदिका मेगिन केली यांना ‘गद्दार’ ठरवून, हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिल्याबद्दल हाकलले, ही बातमी. साफ खोटी. ‘एंडिंग द फेड’ नावाच्या पानावरची. कंपनीने माफी मागताना दिलेला खुलासा नीट वाचण्यासारखा आहे: विषयावर पुरेसे लेख उपलब्ध असल्याने तो त्या वेळच्या अटींत बसत होता, म्हणून मंजूर झाला.

म्हणजे अपघात यंत्राचा नव्हता, अटीचा होता. ‘पाच जबाबदार ठिकाणी मुख्य बातमी’ ही अट गेली आणि ‘पुरेसे लेख’ ही आली. खोटी बातमी वीस पानांनी एकमेकांची उचलली की वीस लेख होतात. मोजणारा प्रत्येकाला एक धरतो, पण मूळ एकच असते. बसलेल्या माणसाला ‘ही खरी आहे का?’ हे विचारायचे अधिकार उरले नव्हते, कारण तसा निवाडा म्हणजेच पक्षपात, अशी भीती मे महिन्यात बसली होती. वॉशिंग्टन पोस्टने ३१ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर या काळातल्या कामाच्या दिवसांत चार खात्यांवरून ही चौकट पाहिली. निव्वळ खोट्या पाच आणि घोर चुकीच्या तीन बातम्या त्यांना तिथे सापडल्या.

पुढे २५ जानेवारी २०१७ला बदल झाला: विषयासोबत बातमी देणाऱ्या माध्यमाचे शीर्षक दिसू लागले, किती माध्यमांनी विषय घेतला ते मोजले जाऊ लागले, आणि एका प्रदेशातल्या सर्वांना सारखीच यादी दिसू लागली. हा शेवटचा बदल आम्हाला सर्वांत चांगला वाटतो. प्रत्येकाला वेगळी यादी दिसत असली की ‘माझ्याकडे तर हा विषय आलाच नाही’ ही तक्रार तपासता येत नाही. सारखी दिसली की कुणीही पडताळू शकतो. पण तोवर चौकटीतला जीव गेला होता. जून २०१८मध्ये ती बंद झाली. तेव्हा कंपनीने सांगितले की माध्यमांकडे जाणाऱ्या क्लिकपैकी सरासरी दीड टक्क्याहूनही कमी तिथून जात.

चौकट एवढीशी, पडसाद मोठे

दीड टक्क्याच्या चौकटीने कंपनीच्या पुढच्या निर्णयांना वळण दिले. नोव्हेंबर २०१६मध्ये गिझमोडोने छापले की, खोट्या बातम्या रोखणारा एक बदल उजव्या पानांना जास्त फटका बसेल म्हणून मागे ठेवला गेला. कंपनीने हे ठामपणे नाकारले. तो वाद बाजूला ठेवला तरी पुढचे सार्वजनिक आहे. २०१८मध्ये माजी सिनेटर जॉन काइल यांच्याकडे उजव्यांच्या तक्रारींची तपासणी सोपवली गेली. ऑगस्ट २०१९मध्ये त्यांचा अंतरिम अहवाल आला, तो १३३ जणांच्या मुलाखतींवर उभा होता. अहवालात तक्रारी नीट मांडल्या होत्या, पण त्या खऱ्या की खोट्या हे सांगणारी मोजणी नव्हती. त्याआधी, ऑगस्ट २०१८मध्ये, कंपनीतल्याच एका अभियंत्याने डाव्या मतांच्या सहकाऱ्यांत वेगळ्या मताविषयी असलेल्या असहिष्णुतेबद्दल अंतर्गत फलकावर लिहिले होते आणि शंभरावर सहकारी त्याच्या गटात सामील झाले होते. त्यांना ‘बाहेर काय दिसते’ याहून ‘आत काय बोलता येते’ याची काळजी होती, आणि आमच्या मते ती रास्त होती. आत गप्प बसवलेला माणूस रांगेतली चूक दाखवायला पुढे येत नाही.

२०२१मध्ये टेक्सास आणि फ्लोरिडाने मोठ्या समाजमाध्यमांच्या मजकूर काढण्यावर बंधने घालणारे कायदे केले. १ जुलै २०२४ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे खालच्या न्यायालयांकडे परत पाठवली, पण मजकुराची निवड आणि मांडणी हीदेखील अभिव्यक्तीच आहे, असे बहुमताने नोंदवले. म्हणजे अमेरिकेत सरकार कंपनीला समतोल राखायला लावू शकेल ही वाट अरुंद झाली. पारदर्शकता मागणे हाच टिकाऊ मार्ग उरतो.

कर्मचाऱ्यांचे मत आणि यंत्राचा परिणाम एकाच दिशेने जातात असेही धरू नये. ट्विटरच्या स्वतःच्या संशोधकांनी २०२१मध्ये सात देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जर्मनी सोडून सहा देशांत अल्गोरिदम उजव्या बाजूच्या नेत्यांचे ट्विट डाव्यांपेक्षा जास्त फैलावत असल्याचे दिसले. त्या कंपनीचे कर्मचारी डावीकडे झुकलेले मानले जात. भारतात २०२०मध्ये फेसबुकवर एकाच वेळी दोन्ही आरोप झाले. ऑगस्टमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने लिहिले की भाजपचे तेलंगणातील आमदार टी. राजा सिंह यांच्यावर द्वेषपूर्ण मजकुराचे नियम लावायला कंपनीच्या इथल्या धोरणप्रमुखांनी विरोध केला. १ सप्टेंबरला केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी झुकरबर्ग यांना पत्र लिहून नेमका उलटा, उजव्या विचाराच्या लोकांवर अन्याय होत असल्याचा, आरोप केला. दोन दिवसांनी राजा सिंह यांच्यावर बंदी आली. इथेही कारणांसह निर्णयांची यादी कुणासमोर आली नाही, त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या समजुतीवर आजही ठाम आहेत.

अशी चौकट चालवायची झाली तर

मराठी बातम्यांची ॲप आणि संकेतस्थळे चालवणाऱ्यांकडेही आता सूचना पाठवणारा, ‘ट्रेंडिंग’ची पट्टी भरणारा माणूस बसलेला असतो. मुंबईतल्या डेस्कवर बसलेल्याला ऊसदराचे आंदोलन ‘स्थानिक’ वाटते आणि कोल्हापूरच्या वाचकाला ती दिवसाची पहिली बातमी असते. ओळखू न येण्याचा दोष कुठेही शिरतो, आणि तो पकडण्याची साधने फार महाग नाहीत.

प्रत्येक नकाराला सहा रकाने पुरतात: विषय, रांगेत आल्याची वेळ, निर्णयाची वेळ, निर्णय घेणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक, नियमातले कलम, आणि एका वाक्यात कारण. कलम निवडायची यादी छोटी ठेवावी आणि ‘इतर’ हा पर्याय देऊ नये. दिला की निम्मे नकार तिथेच जाऊन पडतात. वाक्य लिहायला वीस सेकंद लागतात, आणि पुष्कळदा ते लिहितानाच माणूस थबकून विषय पुन्हा शोधतो.

दर आठवड्याला नाकारलेल्यांतले काही विषय वेगळ्या पार्श्वभूमीच्या दुसऱ्या माणसाला, आधीचा निर्णय न दाखवता, द्यावेत. दोघांचे किती जुळते ते मोजताना एक फसगत टाळावी. दोघेही सवयीने ९० टक्के विषय नाकारत असतील, तर विषय न पाहता आंधळेपणाने वागूनही ८२ टक्के वेळा जुळेल. म्हणून ‘९० टक्के जुळते’ हे दिसते तेवढे चांगले नाही. योगायोगाचा हिस्सा वजा केला की खरे जुळणे उरलेल्या १८ टक्क्यांतले आठ, म्हणजे निम्म्याहून कमी भरते.

दोन बाजूंची तुलना करायची तर नमुना मोठा लागतो. एका बाजूच्या पात्र विषयांतले ८० टक्के आणि दुसऱ्या बाजूच्या पात्र विषयांतले ८५ टक्के मंजूर होत असतील, तर हा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायला प्रत्येक बाजूचे सुमारे ९०० विषय तपासावे लागतात. पन्नास विषय पाहून ‘फरक आढळला नाही’ असे जाहीर करणे म्हणजे काहीच न तपासणे. पात्र-अपात्र ठरवणारे आणि बाजूचा शिक्का मारणारे लोक बाहेरचे, एकमेकांपासून वेगळे आणि निदान दोन्ही मतांचे असावेत.

पडताळणीची यादी ठेवायचीच. पण तिचा उपयोग खरेखोटे पाहण्यापुरता करावा, महत्त्व ठरवायला नाही, आणि तीत कोण आहे ते पहिल्या दिवसापासून पानावर लिहिलेले असावे. लेख मोजताना एकमेकांवरून उचललेले सगळे मिळून एकच धरावे. नाकारलेल्या विषयांची सहा रकान्यांची यादी, कर्मचाऱ्यांचे क्रमांक झाकून, महिन्याने खुली करावी. तोवर त्या बातम्या शिळ्या झालेल्या असतात, त्यामुळे यंत्राला फसवू पाहणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि तक्रार करणाऱ्याला तारीख-वेळेसह बोट ठेवायला जागा मिळते.